सूट नको, सुका माल द्या : कोकणातल्या खेळ विकणाऱ्या दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या बाजारपेठांत कॅरम, बुद्धिबळ, पत्ते आणि बोर्ड गेम विकणारे समस्त दुकानदार यांस,

स. न. वि. वि.

कोकणात निव्वळ खेळांवर दुकान चालत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. बहुतेकांकडे कॅरम बोर्ड स्टेशनरीच्या मागे, क्रिकेटच्या बॅटींशेजारी उभे असतात आणि परदेशी बोर्ड गेमची चार-सहा खोकी सगळ्यात वरच्या फळीवर धूळ खातात. भाडं आहे, वीजबिल आहे, आणि गिऱ्हाईक तुमच्यासमोर उभं राहून मोबाईलवर ऑनलाइन किंमत बघतं. ती किंमत तुम्हाला परवडणार नाही आणि आम्ही ती मागतही नाही. माल सुका द्या, आणि घरी नेला त्याच संध्याकाळी खेळायला बसता येईल असा द्या. एवढं झालं तर छापील किमतीला घ्यायला आमची ना नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. हे खेळ जिथे बनतात तिथे या हवेचा विचार कुणी केलेला नसतो. लांबच्या गोदामातून खोकं धाडणाराही तो करणार नाही. तो तुम्हीच करू शकता.

आधी कॅरम, कारण खप त्याचा. गिऱ्हाईक विचारतं, "मोठा बोर्ड केवढ्याला?" आणि काउंटरवरून उत्तर येतं ते बाहेरच्या मापाचं. बाहेरच्या मापात फ्रेम आली. खेळायची जागा किती, हे कुणी सांगत नाही. स्पर्धेच्या नियमात खेळायचा पृष्ठभाग बाजूला ७३.५ ते ७४ सेंटिमीटर, प्लायवूड किमान ८ मिलिमीटर, फ्रेमची रुंदी ६.३५ ते ७.६० सेंटिमीटर असं स्पष्ट दिलेलं आहे. शाळेच्या स्पर्धेला उतरणाऱ्या मुलाने याहून लहान बोर्डावर सराव केला तर कोन आणि जोर दोन्ही चुकीचे हातात बसतात, आणि मग ते सुटता सुटत नाहीत. घरच्या लहान पोरांना छोटा बोर्ड चालेल, पण तो छोटा आहे हे सांगून द्या. 'बुलडॉग', 'जंबो' ही नावं फ्रेमच्या जाडीवर दिली जातात. फ्रेम भारदस्त दिसते, गिऱ्हाईक भुलतं, आणि आत प्लाय निघते चार मिलिमीटरची. प्रत्येक बोर्डाला एक चिठ्ठी लावा: आतलं माप, प्लायची जाडी, फ्रेमचं लाकूड. बाकी आम्ही ठरवू.

बोर्ड सरळ आहे की नाही, हे बघायला सुताराची गरज नाही. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पृष्ठभागाला टेकवून दोरा ताणायचा. मध्यभागी दोऱ्याखाली फट दिसली तर बोर्ड खोल गेलाय. दोरा मधेच टेकून टोकांना अधांतरी राहिला तर बोर्डाला पोक आलाय. मग दुसऱ्या कर्णावर तेच. एका कर्णावर खोल आणि दुसऱ्यावर पोक असं निघालं तर फ्रेमच पिळली आहे. असा बोर्ड सरळ घाऊक व्यापाऱ्याकडे परत पाठवा, कारण पिळलेली फ्रेम घरी कुणाला सरळ करता येत नाही. त्यानंतर बोर्ड समतल टेबलावर ठेवून चिमूटभर पावडर टाकावी आणि एक सोंगटी अगदी हळू सोडावी. जोरात मारलेली सोंगटी काहीच सांगत नाही. थांबता थांबता शेवटच्या वीतभरात ती एका बाजूला वळली, तर तिथे उतार आहे. चारी दिशांनी करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते गिऱ्हाइकासमोर केलं तर किमतीवरून घासाघीस निम्मी कमी होईल.

बोर्ड का बिघडतो, तेही लक्षात घ्या. वरच्या बाजूला पॉलिश असतं, मागची बाजू बहुतेक वेळा कोरी लाकडी असते. पावसाळ्यात मागची बाजू ओल पिते, पुढची पीत नाही. मागची फुगते, पुढची तेवढीच राहते, आणि पृष्ठभाग बशीसारखा मधे खोल होतो. मग ब्रेक केल्यावर सोंगट्या पुन्हा मधेच गोळा व्हायला लागतात आणि घरातले लोक पावडरीला दोष देतात. उपाय उन्हाळ्यातच करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये माल आला की बोर्डाच्या मागच्या बाजूला आणि प्लायच्या उघड्या कडांना सँडिंग सीलरचा एक हात आणि तो पुरता वाळल्यावर वॉर्निशचे दोन हात द्या. ओल आत शिरल्यावर, म्हणजे जुलैत, वॉर्निश मारलं तर ओल आतच कोंडली जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात प्लायचे पापुद्रे सुटतात. या कामाचे वेगळे पैसे लावा, आम्ही देऊ. 'मागून वॉर्निश केलेला' असं लिहिलेला बोर्ड दुकानात दिसला तर त्याच्याशिवाय दुसरा बोर्ड कुणी घेणार नाही.

ठेवण्याची पद्धतही बदला. भिंतीला तिरके टेकवलेले बोर्ड स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकतात, आणि भिंत बाहेरची असली तर खालचा कोपरा आधी काळा पडतो. बोर्ड काटकोनात उभे, जमिनीपासून वीतभर वर, मधे दोन बोटं जागा सोडून ठेवावेत. फ्रेमचे स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे मागवा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत साधा स्क्रू गंजतो, गंजून फुगतो आणि कोपऱ्यातला जोड उघडतो.

सोंगट्यांबाबत एकच मागणी: सुट्या विका. एक सोंगटी हरवली म्हणून एकोणीसचा पूर्ण संच घ्यायला लावू नका. नियमात सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर आणि वजन ५ ते ५.५ ग्रॅम असतं. म्हणजे मापात बसणारी सुटी सोंगटी दुसऱ्या संचात चालते. प्रत्येक रंगाच्या डझनभर आणि चार राण्या एका बरणीत ठेवल्या तरी गावाची गरज भागेल. जाळ्याही सुट्या ठेवा, त्या सगळ्यात आधी फाटतात. बोरिक पावडरीचे मोठे डबे मात्र पावसाळ्यात विकू नका. डबा एकदा उघडला की आठवड्यात गुठळ्या होतात. पन्नास-शंभर ग्रॅमच्या घट्ट झाकणाच्या डब्या बऱ्या. आणि ती लहान मुलांच्या तोंडात जाता कामा नये, हे देताना सांगा. ती टाल्कम नाही.

आता पुठ्ठ्याकडे वळू. बोर्ड गेम म्हणजे नव्वद टक्के पुठ्ठा आणि कागद. पत्ते सादळले की वाकतात. पुठ्ठ्याच्या चकत्या फुगून एकमेकींत बसेनाशा होतात. घडीच्या पटाचा शिवणीजवळचा कागद सुटतो, आणि झाकणाच्या आत पांढरा बुरा धरतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं खोकं सुरक्षित असतं, हा गैरसमज आहे. त्या आवरणाला बारीक भोकं असतात. ओल आत जाते, पण बाहेर पडायला हवा फिरत नाही. वरच्या फळीवर पत्र्याखाली दिवसा तापणारं आणि रात्री गार होणारं खोकं सगळ्यात आधी खराब होतं.

एअर कंडिशनर लावा असं आम्ही म्हणत नाही. दाराचं एक जुनं लाकडी किंवा लोखंडी कपाट घ्या आणि तळाच्या कप्प्यात तारेचा जुना पंधरा वॅटचा बल्ब लावा. हल्लीचा एलईडी 'झिरो' बल्ब उपयोगाचा नाही, कारण तो तापत नाही आणि आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी गरम राहिली तर नव्वद टक्के दमटपणा सत्तरच्या आसपास उतरतो. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवा ते धरून ठेवते, पुठ्ठ्यावर सोडत नाही. बल्बभोवती जाळी आणि कुठल्याही खोक्यापासून किमान वीतभर अंतर हवंच. आत एक आर्द्रतामापक ठेवा. काही शे रुपयांत मिळतो. काटा साठच्या खाली ठेवता आला तर उत्तम, सत्तरच्या वर दिवसेंदिवस राहिला तर बुरा येणारच.

महागड्या खोक्यांसाठी रबरी कडेच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत सिलिका जेल. उघड्या फळीवर जेलची पुडी ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात, दोन दिवसांत ती भरून जाते. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव ते तृतीयांश पाणी घेतं, मग थांबतं. म्हणून रंग बदलणारं घ्या, आणि त्यातही नारिंगी. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात तापवत बसू नये. रंग बदलला की मणी पुडीतून काढून, स्वयंपाकाला न वापरण्याच्या पसरट भांड्यात १२० अंशांच्या आसपास तास-दोन तास तापवावेत, ते पुन्हा कामाला येतात. पुडीसकट तापवू नका, पुडी वितळते.

पत्त्यांना घालायची पारदर्शक पाकिटं, ज्यांना खेळणारे स्लीव्ह म्हणतात, ती आमच्यापैकी निम्म्या लोकांना बाहेरून मागवावी लागतात. तीन मापं ठेवलीत तरी पुरे: नेहमीच्या मोठ्या पत्त्यांसाठी ६३.५ गुणिले ८८ मिलिमीटर, कटान या बोर्ड गेमच्या पत्त्यांसाठी ५४ गुणिले ८०, आणि तिकीट टू राइड या रेल्वेच्या खेळाच्या मूळ आवृत्तीतल्या छोट्या पत्त्यांसाठी ४४ गुणिले ६८. कुठल्या खेळाला कुठलं माप आणि किती नग, याचा तक्ता काउंटरमागे चिकटवा. कटानला संसाधनांचे ९५ आणि विकासाचे २५ असे १२० पत्ते, म्हणजे शंभरच्या एका पाकिटात भागत नाही. नेमका हाच घोळ होतो आणि वीस पत्ते उघडे राहतात. गिऱ्हाइकाला हेही सांगा की स्लीव्ह थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत चढवावेत. श्रावणात चढवलेला स्लीव्ह पत्त्यातली ओल आतच धरून ठेवतो.

मुळात माल निवडतानाच हवा बघा. रमीकबमध्ये १०६ प्लास्टिकच्या सोंगट्या असतात, कागद फक्त नियमांचा. हाइव्हला पटच नाही, मूळ संचात दोघांचे मिळून २२ जाड नग, ओट्यावर बसून पावसाच्या तुषारात खेळा. अझुलच्या शंभर टाइल्स रेझिनच्या. क्विर्कलचे १०८ नग लाकडी आणि रंगवलेले. हे चार खेळ कोकणातल्या कुठल्याही दुकानात पहिल्या दिवशी असावेत. चारही खेळांना इंग्रजी वाचावं लागत नाही. आणि रमीकब तर ज्याला रमी येते त्याला पाच मिनिटांत समजतं. कटान वाईट नाही, पण त्याच्या १९ षटकोनी चकत्या आणि १८ आकड्यांच्या टिकल्या पुठ्ठ्याच्या असतात. तो घ्यायचा तर डब्यात ठेवायच्या तयारीने.

रमीवरून आठवलं. आपल्याकडे लोकांना खेळ येत नाहीत, असं गृहीत धरून विकू नका. गणपतीत जागरणाला रात्ररात्र पत्ते कुटणाऱ्या माणसाला हुकूम म्हणजे काय, हात कसा करायचा, हे शिकवायची गरज नाही. मेंढीकोट येणाऱ्यांच्या हाती 'द क्रू' द्या. चाळीस पत्ते, चार रंगांत १ ते ९ आणि चार रॉकेट. रॉकेट म्हणजे कायमचा हुकूम. फरक एवढाच की सगळे एका बाजूने खेळतात आणि पत्त्यांबद्दल बोलायला बंदी. हे एवढं सांगितलं की खेळ सुरू होतो. इंग्रजी पुस्तिका पुढे केली तर ती माणसं खोकं खाली ठेवून निघून जातात.

तसंच माणसांच्या संख्येचं. खोक्यावर ३-४ असतं, आणि गणपतीत एका घरात दहा-बारा जण असतात. चाकरमानी मुंबईहून खेळ घेऊन येतात आणि निम्मं घर नुसतं बघत बसतं. त्या दिवसांत 'सिक्स निम्ट'सारखा खेळ ठेवा: १ ते १०४ आकड्यांचे पत्ते, दोन ते दहा जण, वाचायचं काही नाही. कटानमध्ये पाचवा-सहावा माणूस घ्यायचा तर वेगळी जोडणी विकत घ्यावी लागते, हे विकतानाच सांगा, घरी गेल्यावर कळू देऊ नका. आणि गणपतीचा माल आषाढातच दुकानात यायला हवा. भाद्रपदात घाट कधी बंद होईल याचा नेम नसतो.

साध्या पत्त्यांतही निवड आहे. कागदी कॅट त्या हवेत दोन रात्रींत जाड होतो आणि पिसता येत नाही. पीव्हीसीचे पत्ते महाग, पण ओल्या फडक्याने पुसता येतात. दोन्ही ठेवा आणि फरक सांगा. मेंढीकोटला तेरा-तेरा पत्ते हातात धरायचे असतात, तिथे ५७ मिलिमीटर रुंदीचा ब्रिज मापाचा कॅट हाताला सोपा पडतो.

आता मराठी नियमपत्रक, आमची सगळ्यात मोठी मागणी. पुस्तिकेचं भाषांतर नको. ती वीस पानं मराठीत आली तरी कुणी वाचणार नाही. एक कागद, पाठपोट, मोठ्या अक्षरात. पहिल्या ओळीत जिंकायचं कसं. मग दोघे, तिघे, चौघे असतील तर मांडणी कशी. मग पाळीत काय काय करायचं, क्रमाने. मग खेळ कधी संपतो. आणि शेवटी एक चौकट: कुठे हमखास चुकतं. ही चौकट छापील पुस्तिकेत कधीच नसते आणि भांडणं तिथेच होतात. कटानमध्ये फाशांवर सात आले की ज्याच्याकडे सातपेक्षा जास्त पत्ते आहेत त्याने निम्मे टाकायचे. सात असतील त्याने नाही, आणि नऊ असतील तर चार टाकायचे, पाच नाही. तिकीट टू राइडमध्ये उघड्यावरचं इंजिनाचं पान उचललं की त्या पाळीत दुसरं पान मिळत नाही. दोघे किंवा तिघे खेळत असतील तर दुहेरी मार्गातला एकच वापरता येतो. अशा चार-पाच ओळी. आपल्या शब्दांत लिहा, मूळ पुस्तिकेची चित्रं उचलू नका. लिहिणारं माणूस नसेल तर सांगा, आमच्यात शिक्षक आहेत, छापखानेवाले आहेत, दर खेळाचं पत्रक करून देतील. झेरॉक्सचे दोन रुपये तुमचे.

खोकं विकताना काउंटरवर उघडा. गिऱ्हाईक तयार असेल तर प्लास्टिक तिथेच फाडून नग मोजून द्यावेत. कटानमध्ये प्रत्येक रंगाचे १५ रस्ते, ५ वस्त्या आणि ४ शहरं. एक कमी निघालं तर त्याच क्षणी कळतं, आणि तुम्हालाही घाऊकवाल्याशी बोलायला पुरावा राहतो. नकली माल ओळखायलाही हाच वेळ. पत्त्यांच्या पाठी एकमेकींशी ताडून बघा. छपाईत एखाद्या पानाची पाठ फिकट-गडद असेल तर ते पान खेळणाऱ्याला पाठीवरूनच ओळखता येतं आणि खेळच संपतो. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात यायला हवी. झाकण खोक्यावर अलगद, हवा सोडत बसायला हवं. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत नसेल तर तो माल घेऊच नका. 'पहिली कॉपी' म्हणून येणारा माल स्वस्त असतो, पण त्याच्यापायी गिऱ्हाईक बोर्ड गेम या प्रकारावरच फुली मारतं.

भाड्याने खेळ द्यायचे असतील, आणि ते द्यावेत असं आम्हाला वाटतं, तर मोजणीचा एक सोपा मार्ग आहे. तिकीट टू राइडमध्ये प्लास्टिकचे रेल्वेचे २४० छोटे डबे असतात. पाच रंगांचे प्रत्येकी ४५ आणि वर तीन-तीन जादा. दर वेळी ते मोजत बसलात तर धंदा करणार कधी? सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, प्रत्येक रंगाची पिशवी एकदा मोजून वजन झाकणाच्या आत लिहा, आणि खेळ परत आला की पिशवी काट्यावर ठेवा. हे फक्त प्लास्टिकच्या नगांना चालतं. पत्ते आणि पुठ्ठा पावसाळ्यात ओल पिऊन जड होतात, त्यांचं जुलैतलं वजन जानेवारीशी जुळणार नाही. पत्ते हातानेच मोजावे लागतील. अनामत खेळाच्या निम्म्या किमतीइतकी ठेवा आणि हरवलेल्या नगाचा दर आधीच लिहून ठेवा, म्हणजे वाद नको.

दुकानात एखादं टेबल मांडता आलं तर फार बरं. चौघांना ९० गुणिले ९० सेंटिमीटर पुरतं, सहा जणांना ९० गुणिले १५०. वर सनमायका असू द्या. हिरवं फेल्ट दिसायला छान, पण पहिल्याच पावसात त्याला वास येतो. छताचा पंखा टेबलाच्या बरोबर वर नको, पानं उडतात. भिंतीवरचा फिरता पंखा डोक्यांच्या उंचीवर लावा. वीज जाणारच, तर इन्व्हर्टरवर काउंटरच्या दिव्याआधी टेबलावरचा दिवा जोडा. डाव अर्धा असतो, गिऱ्हाईक उठून गेलं तर ते पुढच्या वेळी येत नाही. तासाचे पैसे घ्या, फुकट ठेवू नका. फुकट टेबलाचा अड्डा होतो. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा की पैसे लावून खेळता येणार नाही. कॅरम आणि पत्ते म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर जुगाराचा अड्डा येतो, त्यामुळे मुलींना कुणी पाठवत नाही. ही पाटी असेल, काचेतून आतलं दिसत असेल आणि स्वच्छ संडास असेल तर मुली येतील, त्यांच्या आयाही येतील. खेळ शिकवायची वेळ गावाकडच्या शेवटच्या एसटीवर बेतावी. सात वाजता सुरू केलेला दोन तासांचा खेळ फक्त बाजारपेठेत राहणाऱ्यांसाठी असतो.

सावंतवाडीच्या दुकानदारांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. तुमच्याकडे गंजिफा आहे, आणि तो पर्यटकांना शोभेची वस्तू म्हणून विकला जातो. रंगवलेल्या पेटीतला हाताने चितारलेला संच जरूर विका, त्याची किंमत योग्यच आहे आणि संस्थानच्या राजवाड्याने ही कला जगवली म्हणून तो आज मिळतो. पण तो घेऊन जाणाऱ्याला खेळता आला पाहिजे. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० पानं. तिघांत ४० प्रत्येकी. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. हुकूम नसतो. निम्म्या रंगांत दहा मोठं आणि एक लहान, उरलेल्या निम्म्यांत उलट. नवा माणूस इथेच अडखळतो, आणि दहा अवतारांच्या खुणा एकमेकींपासून ओळखताना. प्रत्येक संचासोबत खुणांचा एक तक्ता द्या, ज्यावर कुठल्या रंगात क्रम उलटा हे बाणाने दाखवलेलं असेल. आणि सोबत छापील, धुता येणाऱ्या पानांचा एक स्वस्त संच काढा, शोभेचा कपाटात आणि हा खेळायला. चितार आळीत लाकडी खेळणी बनवणारे हात आहेत. सारीपाटाच्या सोंगट्या, बुद्धिबळाचे हरवलेले मोहरे, फासे ठेवायच्या पेट्या हे सगळं तिथे होऊ शकतं. बुद्धिबळाचा एक उंट हरवला म्हणून संच टाकून देणारी घरं आम्हाला माहीत आहेत. राजाची उंची ९.५ सेंटिमीटरच्या आसपास असलेले स्पर्धेचे संच बहुतेक सारखेच असतात, सुटे मोहरे विकले जातील.

कायद्याचं थोडक्यात. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का पावतीवरून काढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या सोयीची मुदत पावतीवर छापा, आम्ही ती पाळू. मात्र न आवडलेला खेळ परत आणणारं गिऱ्हाईक आलं तर त्याला नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि आम्ही तुमच्या बाजूने बोलू. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघूनच भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पत्ते, कॅरम, बुद्धिबळाचे पट आणि लुडोसारख्या खेळांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तो फरक जुन्या किमतीच्या मालावरही दिसू द्या.

मृग लागायच्या आत निदान कपाट आणि बल्ब एवढं करा. नियमपत्रकांसाठी पहिले पाच खेळ कोणते, ते तुम्ही ठरवा आणि कळवा.

आपली,
कोकण किनाऱ्यावरची खेळणारी मंडळी

ता. क. : तो सोनारी काटा घेतलाच तर स्ट्रायकरही त्यावर ठेवून विका. नियमात व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर आणि वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम. बाजारात याहून जड स्ट्रायकर सर्रास मिळतात, मुलांना ते आवडतात कारण सोंगटी जोरात जाते, आणि स्पर्धेच्या टेबलावर पंच तो बाजूला काढून ठेवतो. वजन स्ट्रायकरच्या पाकिटावर पेनाने लिहा.